शंटिंगचे इंजिन जपून ठेवावे

आमच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत रेल्वे नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला मामांकडे गेले, तेव्हा मामांनी मला मुद्दाम स्टेशन दाखवले. तेथे एक डिझेल इंजिन नुसते मागेपुढे करत होते. मी विचारले, "मामा, हे गावाला का जात नाही?" मामा हसून म्हणाले, "अगं, हे शंटिंगचे इंजिन. याने डबे लावून दिले की मग मोठे इंजिन गाडी घेऊन जाते." त्यावर डब्ल्यू डी एस ही अक्षरे होती. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे शंटिंग.

पूर्वी हे काम वाफेची इंजिने करीत. पण वाफ व्हायला फार वेळ लागतो. काम नसले तरी कोळसा जळतो. म्हणून डिझेलची इंजिने आली. बंगालमधील चित्तरंजनच्या कारखान्यात १९७२ साली वाफेची इंजिने करणे बंद झाले. तेथे डब्ल्यू डी एस ४ नावाची शंटिंगची इंजिने झाली. त्यांना सहा चाके असतात. चाकांना बाहेरून लोखंडी दांडे जोडलेले असतात, म्हणून सगळी चाके बरोबर फिरतात. आता बहुतेक मार्गांवर वीज आली. जुनी डिझेल इंजिने भंगारात जात आहेत.

आमच्या विहिरीवर आजोबांचे डिझेलचे इंजिन होते. विजेची मोटार आली आणि भंगारवाल्याने ते वजनावर नेले. आजोबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मला त्याचा आवाज आठवतो, पण माझ्या धाकट्या भावाला ते कसे होते हे सांगताच येत नाही.

काही लोक म्हणतील, जुने लोखंड ठेवून काय करायचे? सगळी ठेवा असे मी म्हणत नाही. पण एक तरी ठेवावे. माथेरानच्या गाडीचे वाफेचे इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. तसे शंटिंगचे एक इंजिन रंग देऊन, छपराखाली, आपल्या पुणे जिल्ह्यात ठेवावे. म्हणजे आपली सहल तेथे जाईल.

आपल्याकडे शर्यतीच्या बैलावर गुलाल पडतो. औताच्या बैलावर पडत नाही. पण पोळ्याला आपण दोघांनाही पुरणपोळी देतो. मग इंजिनांनाही तसेच नको का?

मुलांनो, तुमच्या घरी जुने यंत्र असेल तर विकण्याआधी निदान त्याचे चित्र काढून ठेवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी