ओट्याचा दगड आणि घरातील श्वास

ओट्याला सीलर लावावा काय, हे विक्रेत्याला न विचारता पाण्याला विचारावे. स्वच्छ, कोरड्या ओट्यावर चमचाभर पाणी 15 मिनिटे ठेवून पुसावे. दगड काळसर दिसला, तर तो पाणी शोषतो. हळद, तेलही तसेच मुरेल. अशा ओट्यास सीलर उपयोगी. घट्ट, काळ्या ग्रॅनाइटला बहुधा त्याची गरज नसते. कडप्पा व संगमरवर मूलतः चुनखडीचे. लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लाने त्यांवर पडणारे निस्तेज चट्टे सीलर रोखू शकत नाही. तेथे सांडलेले तत्काळ पुसणे हाच उपाय.

सीलर लावायचे ठरलेच, तर आधी घरातील माणसांचा विचार करावा. कोणाला दमा वा श्वासाचा त्रास असल्यास उग्र वासाचा सीलर टाळून पाण्यावर आधारित निवडावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वास जाईपर्यंत ज्येष्ठांना स्वयंपाकघरापासून दूर, शक्य तर आप्तांकडे ठेवावे. दगडात न मुरलेला सीलर फडक्याने पुसून घ्यावा. डब्यावर सांगितलेला वाळण्याचा अवधी पुरा होईपर्यंत ओट्यावर अन्न ठेवू नये. त्या दिवसाचा स्वयंपाक आणि ज्येष्ठांच्या औषधांचा डबा आदल्या रात्रीच दुसऱ्या खोलीत हलवण्याची सोय आपण करावी.