सामन्याचं पोस्टर दिसतं, पण ऐकू येतं का?

गावच्या यात्रेतल्या कुस्त्या असोत की मॅटवरची कबड्डी, शिरूर आणि दौंड तालुक्यांत खेळाची खबर आता आधी मोबाईलवर पोहोचते. क्रीडा मंडळाचं संकेतस्थळ उघडलं की समोर येतं भलंमोठं पोस्टर. वर नेत्यांचे फोटो, मध्ये सौजन्य आणि खाली बारीक अक्षरांत तारीख, वेळ, वजनी गट. डोळस समर्थकाचं काम तिथेच होतं. अंध समर्थकाचा फोन मात्र बहुतेक वेळा एवढंच सांगतो : ‘इमेज’.

फोन का वाचत नाही?

अंध व्यक्ती स्मार्टफोन वापरतात तो स्क्रीन रीडरच्या आधारे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, तर आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं, तेही मोफत. पडद्यावरचा मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवतं, मराठीतही. पण त्यासाठी तो मजकूर टाइप केलेला हवा. पोस्टरमधली अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी चित्रच. नव्या फोनमधलं एआय चित्रातली अक्षरं ओळखतं, पण नक्षीदार मराठी अक्षरांत वेळ किंवा वजनी गट चुकला, तर समर्थकाची फेरी फुकट जाते.

मराठीची आणखी एक अडचण आहे. स्पर्धेची नियमावली अनेकदा छापखान्यातून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये येते. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यामुळे अशी पीडीएफ वाचताना स्क्रीन रीडर निरर्थक बडबड करतो.

सिडनीत काय घडलं?

खेळाच्या संकेतस्थळावरून झालेला गाजलेला वाद २००० च्या सिडनी ऑलिम्पिकचा. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये तक्रार केली. चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, निकालांचे तक्ते त्यांना वाचता येत नव्हते. वेळ आणि खर्च परवडणार नाही, ही आयोजकांची सबब ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने फेटाळली. पुढे आयोजकांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली. मागणी साधी होती : कोणता खेळ कधी आहे आणि कोण जिंकलं, हे स्वतःला कळावं.

आपला कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये डिजिटल माहिती सुगम असण्याची आणि खेळ, मनोरंजनात सहभागाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे करा, असे आदेश केंद्राला दिले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला.

म्हणून उद्याच तालुक्यातल्या मंडळाच्या दारात नोटीस येईल, असं नाही. पण नोटिशीची वाट पाहणं मंडळाला शोभत नाही. वर्गणी सगळ्यांकडून घ्यायची आणि वेळापत्रक मात्र ज्यांना दिसतं त्यांनाच द्यायचं, हा व्यवहार बरोबर नाही.

‘आपल्याकडे अंध समर्थक आहेत किती?’

हा प्रश्न हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यातले अनेक जण खेळाचे शौकीन असणारच. ज्यांना संकेतस्थळ वापरताच येत नाही, ते भेट देणाऱ्यांच्या आकड्यात दिसणार तरी कसे? शिवाय मोतीबिंदू असलेले आजोबा, भर उन्हात मैदानावर फोन पाहणारा कार्यकर्ता आणि रेंज नसलेल्या वाडीवरचा तरुण यांनाही जड पोस्टरपेक्षा साधा मजकूर सोयीचा पडतो.

काय करता येईल?

• पोस्टर खुशाल टाका, पण तारीख, वेळ, ठिकाण आणि निकाल खाली युनिकोड मराठीत टाइप करा. व्हॉट्सॲपवरही तेच करा.
• प्रत्येक फोटोला एका ओळीचा पर्यायी मजकूर द्या.
• बटणांना नावं द्या. नुसत्या चिन्हावरून ‘नोंदणी’ की ‘देणगी’, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.
• अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान ४.५ ला १ ठेवा. पिवळ्यावर पांढरं टाळा.
• व्हिडिओला उपशीर्षकं द्या. कर्णबधिर समर्थकालाही सामना कळू द्या.
• मैदानावर रॅम्प आणि स्वच्छतागृह आहे का, हे लिहा. व्हीलचेअरवरचा माणूस त्यावरूनच यायचं की नाही ते ठरवतो.

यातल्या बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत. टाइप करायला पाच-दहा मिनिटं लागतात. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच अंध महिला ब्रेल शिकत होत्या. त्याच तालुक्यात आज हाती स्मार्टफोन असूनही कुणाला सामन्याची वेळ दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत असेल, तर ती आपली उणीव आहे.

पुढच्या स्पर्धेआधी मंडळाच्या सचिवांनी टॉकबॅक सुरू करावं, डोळे मिटावेत आणि आपल्याच संकेतस्थळावर पहिल्या सामन्याची वेळ शोधावी. ती सापडली नाही, तर वेळापत्रक अजून जाहीर झालेलं नाही, असंच समजावं.