श्रीमंत घरातली वाटणी: तडजोड तर झाली, पण ती टिकणार का?

नागपूरहून कोणी येणार असेल, तर संत्रा बर्फी मागवली जातेच. त्या डब्यावर बहुतेक वेळा नाव असतं ‘हल्दीराम’. हे नाव नेमकं कोणाचं, यावरून एकाच कुटुंबातल्या दोन शाखा सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या. विशेष म्हणजे, नावाची वाटणी त्या कुटुंबाने आधीच लेखी करून ठेवली होती.

पैसेवाल्या घरातलं भांडण मिटवायचं म्हणजे दोन भावांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावायचे, असं आपल्याला वाटतं. पण तेवढ्याने भागत नाही. मिटलेला वाद वीस वर्षांनी पुन्हा उभा राहू नये, हे खरं अवघड काम आहे. ते कसं जमतं आणि कुठे फसतं, ते पाहूया.

हल्दीरामचा वाद काय होता?

बिकानेरच्या गंगाबिशन उर्फ हल्दीराम अग्रवाल यांच्या कुटुंबाची १९६५ मध्ये भागीदारी झाली. १६ नोव्हेंबर १९७४ ला ती मोडली. तेव्हा कागदावर ठरलं की पश्चिम बंगालमध्ये नावाचा हक्क घरातल्या एका सुनेकडे आणि बाकी देशात मूलचंद या मुलाकडे. मूलचंद यांच्यानंतर हा हक्क त्यांच्या चार मुलांकडे आला. त्यातलेच एक शिवकिशन अग्रवाल, नागपूरचा हल्दीराम उभा करणारे.

पुढे डिसेंबर १९९१ मध्ये कोलकात्याच्या शाखेने दिल्लीत करोल बागेत दुकान काढायचं ठरवलं आणि कोर्टकचेरी सुरू झाली. २००० मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं, तेव्हा प्रश्न वेगळाच होता. दावा करणाऱ्या फर्मची भागीदारी दावा दाखल करताना नोंदलेली नव्हती, मग तिला दावा करता येतो का? कोर्ट म्हणालं, येतो. म्हणजे इतकी वर्षं गेली, तरी सुप्रीम कोर्टापुढे चर्चा होती दावा चालेल की नाही याची. नाव कोणाचं, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

आता २०२५ पाहा. दिल्ली आणि नागपूरच्या शाखांनी आपला फरसाण-स्नॅक्सचा व्यवसाय एका कंपनीत आणला. बातम्यांनुसार दिल्लीकडे ५६ टक्के आणि नागपूरकडे ४४ टक्के. त्याच सुमारास सिंगापूरच्या टेमासेकने त्यात छोटा हिस्सा घेत असल्याचं जाहीर झालं. नागपूर आणि दिल्ली एकमेकांविरुद्ध उभे असते, तर एवढा मोठा गुंतवणूकदार आला असता का?

मग मध्यस्थी म्हणजे नेमकं काय?

लवाद आणि मध्यस्थी यांत गल्लत करू नका. लवाद निकाल देतो. मध्यस्थ निकाल देत नाही, तो दोन्ही बाजूंना एकत्र आणि गरज पडली तर वेगवेगळं भेटतो आणि तोडगा त्यांनाच काढायला लावतो. बोलणी गोपनीय असतात. पैसेवाल्यांना हे विशेष सोयीचं, कारण कोर्टात हिशेब उघडे पडतात. बँका, भागधारक, ग्राहक सगळे ते वाचतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ सांगतं की तडजोडीची शक्यता दिसली, तर कोर्टाने पक्षकारांना अशा मार्गांकडे पाठवावं. कोणते वाद पाठवायचे, हे सुप्रीम कोर्टाने २०१० च्या ‘अफकॉन्स’ निकालात स्पष्ट केलं. कौटुंबिक वाटणी आणि भागीदारीचे वाद त्यात बसतात. बनावट सह्या किंवा गंभीर फसवणुकीचे आरोप असलेले वाद बसत नाहीत.

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन पुढे लोढा बंधूंच्या वादात मध्यस्थ झाले. जानेवारी २०२५ मध्ये अभिषेक लोढा यांच्या मॅक्रोटेक कंपनीने ‘लोढा’ नावावरून धाकटे भाऊ अभिनंदन यांच्या कंपनीविरुद्ध मुंबई हायकोर्टात दावा केला. नुकसानभरपाईची मागणी ५,००० कोटींची होती. कोर्टाने मध्यस्थी सुचवली आणि एप्रिलमध्ये वाद मिटला. ‘लोढा’ नाव मॅक्रोटेककडे, ‘हाउस ऑफ अभिनंदन लोढा’ हे नाव धाकट्या भावाकडे, आणि एकमेकांच्या धंद्यावर कोणाचाही दावा नाही.

घरातली तडजोड फसते कुठे?

२००५ मध्ये कोकिळाबेन अंबानी यांनी दोन्ही मुलांमधला वाद मिटल्याचं जाहीर केलं. तरी गॅसच्या दरावरून भाऊ पुन्हा कोर्टात गेले. मे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की घरातला करार कंपनीला आपोआप बांधील नसतो. आईचा शब्द मुलांनी मानला, पण कंपनीत लाखो भागधारकही असतात.

पुण्याच्या किर्लोस्करांकडे २००९ चा कौटुंबिक करार होता. त्यातून काय बांधील आहे, यावरूनच वाद वाढला आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना मध्यस्थीचा विचार करायला सांगितलं.

तिन्ही घरांत कागद किंवा शब्द होताच. पण तो कोणाला लागू, कुठपर्यंत आणि मोडला तर काय, यावर पुन्हा वाद झाला.

आमच्याकडे कुठे कंपनी आहे?

कंपनी नसेल, पण नागपूरच्या आसपास शेती आहे का? वर्धा रोड, मिहान परिसर, बेसा या बाजूला जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले. शेतकरी म्हणवणारं घर किमतीच्या हिशेबाने कोट्यधीश झालं. हल्दीराम-लोढांचा प्रश्न तिथे सातबाऱ्यावर येतो.

आणि तिथे सगळ्यात आधी सही मागितली जाते ती बहिणीची. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मोबदला न घेता भावाच्या नावे सोडला, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त ५०० रुपये आहे. म्हणजे कोटींचा हक्क ५०० रुपयांच्या कागदावर जाऊ शकतो. बहिणीने मनापासून, सगळं माहीत असताना सोडला असेल तर प्रश्न नाही. पण ‘घरातलं घरात मिटवू’ म्हणत तिला आकडा न सांगता सही घेतली, तर त्याला तडजोड म्हणायचं का?

कायदा तिच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती केली होती, २००५ मध्ये केंद्राने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नाही, याने फरक पडत नाही. ‘तोंडी वाटणी कधीच झाली’ हा बचावही सहज मान्य होत नाही.

चांगला मध्यस्थ इथेच कामाला येतो. तो बहिणीला वेगळं भेटतो, तिचं ऐकतो. मालमत्तेची यादी आणि किंमत सगळ्यांसमोर येईपर्यंत पुढे जात नाही.

ठरलेलं पक्कं कसं करायचं?

२०२३ मध्ये देशात मध्यस्थी कायदा आला. पण ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली काहीच कलमं लागू झाली. समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं वजन देणारं कलम त्या यादीत नव्हतं. त्यामुळे जुने रस्ते सोडू नका. दावा सुरू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून तिचा हुकूमनामा घ्या. लोकअदालतीचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ आणि जिल्हा न्यायालय, दोन्हीकडे मध्यस्थीची सोय आहे.

दावा नसेल तर लेखी कराराकडे नीट पाहा. आधी झालेल्या वाटणीची नुसती नोंद असेल तर गोष्ट वेगळी, पण कागदामुळेच स्थावर मालमत्तेचा हक्क बदलणार असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते.

सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. यादीत सगळी मालमत्ता आणि सगळी कर्जं आहेत का? ज्यांचा हक्क आहे, त्या सगळ्यांच्या सह्या आहेत का? धंदा असेल, तर नाव कोण आणि कुठे वापरणार? आणि कोणी शब्द मोडला, तर पुढे काय? उत्तर ‘बघू नंतर’ असं आलं, तर पेन खाली ठेवा.