पूल बांधणाऱ्या शकुंतलाबाई

आमच्या घरीं गेला पंधरवडा एका प्रश्नाचा खल करण्यांत गेला. थोरल्या चिरंजीवांची कन्या बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, आणि रस्ते, पूल, धरणें बांधण्याची जी विद्या, त्या स्थापत्याच्या शाखेस जाण्याचा मनोदय तिनें जाहीर केला. संगणकाच्या शाखेस तिला सहज प्रवेश मिळत होता. तें सोडून हें भलतें काय, असाच सर्वांचा सूर निघाला. आमच्या वहिनी म्हणाल्या, "पोरीच्या जातीनें उन्हातान्हांत गवंड्यांच्या मागें हिंडायचें का?" चिरंजीवांनीं नोकरीची अडचण पुढें केली. सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. पण त्यांच्या न बोलण्यांत होकार नव्हता. शेवटीं सगळ्यांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि छत्तीस वर्षें मुलांना गणित व संस्कृत शिकवलेल्या आम्हीं "विचार करून सांगतों" असें म्हणून वेळ मारून नेली.

वेळ मारून नेण्याचें कारण वाचकांपासून लपवीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगी होती. भूमितीचा सिद्धान्त पुस्तकांतल्या रीतीनें सोडवून तिचें समाधान होत नसे. दुसरी एखादी वाट ती हुडकून काढीच. शालान्त परीक्षेनंतर तिच्या वडिलांनीं आमचा सल्ला विचारला, तेव्हां इंजिनियरिंग हें मुलींचें क्षेत्र नव्हे, असें आम्हीं मोठ्या अधिकारानें सांगितलें. तो अधिकार आम्हांस कोणीं दिला होता, हें आज कांहीं केल्या आठवत नाहीं. ज्या दिवशीं आम्हीं तो सल्ला दिला, त्या दिवशीं एका मराठी बाईनें आंखलेले पूल हिमालयांतल्या नद्यांवर उभे होते. पण हें आमच्या गांवींही नव्हतें!

त्या बाई म्हणजे शकुंतला भगत, माहेरच्या जोशी. जन्म १९३३ चा. वडील एस्. बी. जोशी हे पूल बांधणारे नामांकित इंजिनियर, म्हणजे विद्या घरांतच नांदत होती. परंतु बापाची विद्या मुलानें घ्यावी आणि मुलीनें खणा-नारळाची ओटी घ्यावी, हा आपल्याकडला शिरस्ता. जोशांच्या घरीं तो मोडला. १९५३ सालीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून शकुंतलाबाई स्थापत्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या. ही संस्था तेव्हां एका राणीच्या नांवाची होती, आतां वीरमाता जिजाबाईंच्या नांवाची आहे. दारावर नांव बाईचें आणि आंत वर्गांत बाई विरळा, असा तो प्रकार होता.

त्यांना भारतांतील पहिल्या स्त्री स्थापत्य-अभियंता म्हणण्याचा प्रघात आहे. तो मात्र जपून घ्यावा. मद्रासमधील गिंडीच्या कॉलेजांतून १९४४ सालींच पी. के. त्रेसिया व लीलम्मा जॉर्ज या दोघी याच शाखेच्या पदवीधर झाल्या होत्या. त्यांच्या बरोबरच्या ए. ललिता वीजशाखेच्या, त्यांच्या प्रमाणपत्रावर छापलेला इंग्रजी 'तो' खोडून त्या जागीं 'ती' करावें लागलें. वास्तविक अभियन्तृ या शब्दाचें स्त्रीलिंगी रूप 'अभियन्त्री' असें सरळ होतें, आणि त्यासाठीं पाणिनीनें सूत्र केव्हांच करून ठेवलें आहे. व्याकरणाची तयारी होती, छापखान्याची नव्हती. त्रेसियाबाई पुढें केरळच्या बांधकाम खात्यांत एकेक पायरी चढत १९७१ सालीं मुख्य अभियंता झाल्या. एवढ्या पदावर चढलेली भारतांतली ती पहिली स्त्री. सरकारी खात्यांतील उतरंड ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या वाक्याचें मोल निराळें सांगावयास नको.

शकुंतलाबाईंची वाट वेगळी. त्यांनीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी १९६४ सालीं घेतली, पवईच्या आय्. आय्. टी. मध्यें शिकविलें आणि तेथील अवजड बांधकामाची प्रयोगशाळा संभाळली. एवढ्यावर कोणीही तृप्त झालें असतें. पण त्यांचें लक्ष एका साध्या अडचणीकडे लागलें होतें. आपल्याकडे पूल म्हटला कीं, प्रत्येक नदीसाठीं नवा नकाशा, नवीं मापें, नवी कारागिरी. डोंगराळ मुलुखांत तर नदीच्या प्रवाहांत परांची उभारावी कशी, आणि काँक्रीट ओतून तें पक्कें होईपर्यंत थांबावें किती! स्पितीच्या खोऱ्यांत जाणाऱ्या खिंडी वर्षांतले कैक महिने बर्फानें बंद असतात. काम करण्यास मिळणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजावे असे. तेवढ्यांत पूल झाला तर झाला.

त्यांनीं व त्यांचे पति अनिरुद्ध भगत (हे यंत्रशाखेचे इंजिनियर) यांनीं काढलेली तोड अशी. पोलादाचे ठराविक मापाचे भाग कारखान्यांत करावे, ट्रकमधून जागेवर न्यावे आणि तेथें एकमेकांस जोडावे. भाग तेच, पण जोडणी बदलली कीं पुलाची लांबी बदलते, रुंदी बदलते. मुळाक्षरें तींच, शब्द निरनिराळे, असें आम्ही आपल्या समजुतीसाठीं म्हणतों. या साऱ्याचें मर्म सांध्यांत आहे, कारण पुलावरचा सगळा भार अखेर सांध्यांशीं येऊन भिडतो. 'सेतु' हा शब्द तरी 'सि' म्हणजे बांधणें या धातूपासूनच झाला आहे. १९६८ सालीं त्यांनीं 'युनिशिअर' नांवाचा जोड शोधून काढला. १९७२ सालीं त्याला पारितोषिकही मिळालें. १९७० मध्यें पतिपत्नींनीं 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी स्थापिली.

आणि येथें गाडें अडलें. कल्पना उत्तम आहे असें म्हणणारे पुष्कळ भेटले. पहिला पूल आमच्याकडे बांधा म्हणणारा भेटेना. जो पूल कोठें उभाच नाहीं, त्यावर विश्वास कोण ठेवणार? आणि उभा राहिल्यावांचून विश्वास बसावा कसा? शेवटीं दोघांनीं पदरचा पैसा घातला. १९७२ सालीं त्यांचा पहिला पूल त्याच स्पितीच्या खोऱ्यांत चार महिन्यांत उभा राहिला. त्यानंतर कोणाला फारसें समजावून सांगावें लागलें नसावें, कारण १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत असे ६९ पूल झाले. पुढें १९९३ सालीं त्या वर्षीच्या सर्वोत्तम स्त्री-अभियंता म्हणून त्यांचा गौरव झाला. २०१२ सालीं त्या वारल्या.

हा वृत्तान्त आम्हीं रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत सांगितला. सांधा म्हणजे काय हें वहिनींना उमजेना, तेव्हां नातीनें केरसुणीच्या काड्या आणल्या. चार काड्यांचीं टोकें दोऱ्यानें बांधून चौकोन केला. बोट लावतांच तो वांकडा झाला. मग तीन काड्यांचा त्रिकोण केला. तो कसाही दाबला तरी रूप सोडीना. "लोखंडी पुलाच्या बाजूला त्रिकोणांची रांग असते ना, ती यासाठीं, आजोबा," ती म्हणाली. तीन बाजू ठरल्या कीं त्रिकोण ठरतो, हा सिद्धान्त आम्हीं छत्तीस वर्षें फळ्यावर लिहिला. त्याच्या आधारावर आगगाडी नदी ओलांडते, हें एकाही वर्गांत सांगितलें नाहीं. त्या दुसऱ्या मुलीला मात्र तें न सांगतांच दिसलें असावें.

चिरंजीवांची नोकरीची शंका अजून पुरती फिटलेली नाहीं, आणि ती अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण प्रवेशाच्या कागदावर त्यांनीं सही केली. वहिनी बराच वेळ त्या त्रिकोणाकडे पाहत होत्या. "उन्हांत डोक्याला कांहीं तरी घालूं देतात ना ग?" त्यांनीं विचारलें.

"घालावीच लागते, आजी. पिवळी टोपी. कठीण असते."

"मग तेल लावून जात जा," वहिनी म्हणाल्या, आणि काड्या गोळा करून त्यांनीं केरसुणींत खोंचून ठेवल्या.