पेडण्याच्या नेटला नावं ठेवण्याआधी

आपल्या मंडळाचं ऑनलाइन काव्यवाचन आठवतं ना? माझी पाळी आली आणि पुण्याहून जोडलेल्या एका माजी विद्यार्थ्याला माझा आवाजच पोचेना. पडद्यावर माझं नाव दिसत होतं, पण पुढे नुसती शांतता. चॅटमध्ये लगेच कुणीतरी टाकलं, 'पेडण्याचं नेट ना!' सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

पण तो ऑफिसातून जोडला होता. रात्री खोलीवर गेल्यावर त्याने त्याच अ‍ॅपवरून पुन्हा कॉल केला, तर अख्खी कविता स्वच्छ ऐकू गेली. हरमलचं आमचं घर तेच, राउटरही तोच.

मग मी जरा वाचून काढलं. आपण घेतलेलं अ‍ॅप आवाज मधल्या सर्व्हरवर न नेता एका कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्यावर पाठवतं. फुकट आणि खाजगी, म्हणून आपण ते निवडलं. अडचण अशी की घरातल्या कॉम्प्युटरला बाहेरचा स्वतःचा पत्ता सहसा नसतोच. जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत जेमतेम ४३० कोटी. आशियाच्या वाट्याचा साठा २०११ मध्येच आटत आला. त्यामुळे घरातली सगळी उपकरणं एका पत्त्यामागे आणि कधी कधी कंपनी अशी अनेक घरंही एकाच पत्त्यामागे ठेवते. राउटर आतून बाहेर जाऊ देतो, पण बाहेरून न बोलावता आलेल्याला दार उघडत नाही. त्यावर तोड म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी दार ठोठावायचं. घराघरांत हे बऱ्याचदा जमतं. ऑफिसातली फायरवॉल मात्र अशी वाहतूक पुष्कळदा मुळातच बंद ठेवते. नाव दिसतं, कारण ते सर्व्हरवरून येतं. आवाज थेट यायचा असतो, तो अडकतो.

तेरेखोल आमच्याच तालुक्यात, पण नदीपलीकडे. केरीहून फेरी मिळाली की थोड्या मिनिटांत पोचतो. फेरी बंद असली की आरोंद्याच्या पुलावरून महाराष्ट्रात शिरायचं आणि शिरोडा-रेडीकडून वळसा घ्यायचा. लांब पडतं, पेट्रोल जातं. पण फेरी नाही म्हणून किल्ल्यातल्या सांत आंतोनच्या चर्चला जायचं कुणी सोडत नाही.

चांगल्या अ‍ॅपमध्ये हा वळसा आधीच ठेवलेला असतो. थेट जमलं नाही तर आवाज मधल्या सर्व्हरवरून जातो, तोही नेहमीच्या वेबसाइटच्या वाटेने, जी ऑफिसं सहसा बंद करत नाहीत. मधल्याने ऐकलं तर? आवाज दोन्ही टोकांना कुलूपबंद असेल तर त्याच्या हाती नुसती पेटी लागते, चावी नाही. खर्च मात्र कुणाला तरी करावा लागतो, म्हणून फुकटातली काही अ‍ॅप्स हा भाग गाळतात.

'मध्ये कुणी नको' हे ऐकायला छान वाटतं, मला अजूनही वाटतं. पण कार्यक्रमाला माणसं हॉस्टेलवरून, नोकरीवरून, कुठून कुठून जोडली जातात. माझं मत: वर्गणीतून थोडे पैसे काढा आणि वळशाची सोय असलेलं अ‍ॅप घ्या. पुढच्या वाचनाच्या दोन दिवस आधी मी हरमलहून आणि तो पुण्याच्या ऑफिसातून, असं आम्ही तपासून बघतो. तो तयार आहे. फक्त म्हणाला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कर, बॉस समोर बसतो.