उजेड पाडला!

परवा कांदा चिरताना आईचं बोट कापलं. फ्लॅट नवीन, पीओपीचं सिलिंग नवीन, त्यात बसवलेले सहा एलईडी डाऊनलाईट्सही नवीन. मग झालं काय? दिवे सगळे खोलीच्या मधोमध, आणि आई ओट्याकडे तोंड करून उभी. म्हणजे तिची सावली थेट सुरीवर!

दिवे निवडले होते अस्मादिकांनी. फक्त वॅट बघून. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. शिवाय सीआरआय बघा. ८० वाला स्वस्त मिळतो, पण मेथी ताजी की पिवळी पडलेली हे ९० च्या पुढेच नीट कळतं. रंग ४००० केल्विनच्या आसपास बरा. ६५०० च्या पांढऱ्याफटक उजेडात आमटीसुद्धा आजारी दिसते.

माझं मत विचाराल तर सिलिंगमधले दिवे कमी करा, उरलेले ओट्याच्या कडेच्या वर आणा आणि भिंतीवरच्या कपाटांखाली एलईडीची पट्टी लावा. आम्ही रविवारी लावली. आई एवढंच म्हणाली, "आधी मला विचारायचंस ना!"

ऑफिसात क्लायंटला शंभर प्रश्न विचारतो आपण. घरातल्या युजरला एकही नाही. असो.