तिसऱ्या घंटेआधीची बारा मिनिटं

इब्सेनची नोरा दार ओढून घेऊन निघून जाते, टाळ्या पडतात, आणि पायऱ्या उतरताना कुणीतरी हमखास म्हणतं, 'एवढ्याशा कर्जापायी एवढं रामायण?' दोष प्रेक्षकाचा नाही. 'अ डॉल्स हाउस' १८७९च्या डिसेंबरात कोपनहेगनला रंगमंचावर आलं. त्या समाजात बायकोला नवऱ्याच्या संमतीवाचून कर्ज काढता येत नसे. नोराची मैत्रीण मिसेस लिंडे हे पहिल्याच अंकात एका वाक्यात बोलून जाते. उशिरा आलेला प्रेक्षक तेव्हा अंधारात आपली खुर्ची शोधत असतो. ते वाक्य निसटलं की नोरानं केलेली वडिलांची खोटी सही नुसता उपद्व्याप वाटते.

हे वाक्य प्रेक्षकाच्या हाती आधी द्यायचं कुणी? दिग्दर्शक बोलला की स्वतःच्या प्रयोगाची वकिली करतो. अभ्यासक बोलले की तिसरी घंटा होऊन जाते. आमच्या मते हे काम स्वयंसेवकांचं. नाटकाचं वेड असलेली निवृत्त शिक्षिका, बँकेतला कारकून, वाचनालयात बसणारी विद्यार्थिनी. ही माणसं प्रेक्षकांतूनच आलेली असतात, त्यामुळे कुठे अडखळायला होतं ते त्यांना ठाऊक असतं.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं, ते स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उभं केलं. तिथे नाटक करणारी बाई आणि त्या विषयावर लोकांशी बोलणारी बाई एकच होती. आज त्या नाटकाचा प्रयोग लावणाऱ्यानं प्रेक्षकाला निदान तारखा तरी सांगाव्यात. विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम भारतीय दंडविधानात त्याच वर्षी आलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८८चा, देशाचा १९९४चा. म्हणजे नाटक आधी बोललं, यातले दोन कायदे मागून आले.

मात्र बोलणाऱ्यानं उपदेशकाचा झगा चढवला की सगळं फसतं. 'हे स्त्रीवादी नाटक आहे' अशी सुरुवात केली की निम्मं नाट्यगृह हाताची घडी घालून बसतं. खुद्द इब्सेननं १८९८ साली नॉर्वेतल्या स्त्री-हक्क संघटनेच्या समारंभात, आपण जाणूनबुजून या चळवळीसाठी काम केलेलं नाही, असं सांगितलं होतं. त्याच इब्सेननं जर्मन प्रयोगासाठी, मुलांकडे पाहून नोरा घरातच थांबते असा दुसरा शेवटही नाइलाजानं लिहून दिला होता. आपल्याकडे अनंत काणेकरांनी 'घरकुल'मध्ये हे नाटक मराठीत आणलं, आणि रांगणेकरांच्या 'कुलवधू'तली भानुमतीही घराबाहेर पडली. पडदा पडल्यावर हे शेवट शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, तुम्ही कोणता ठेवला असता? मग भाषणाची गरज उरत नाही.

आता व्यवहाराचं. स्वयंसेवकानं संहिता वाचावी आणि निदान दोन तालमी बघाव्यात. प्रयोगाआधी बारा मिनिटं पुरतात. चहाच्या स्टॉलपाशी उभं राहून दोन गोष्टी सांगाव्यात, शेवट फोडू नये. प्रयोगानंतर नाट्यगृहाचं भाड्याचं सेशन संपलेलं असतं, व्यवस्थापक दिवे मालवायच्या घाईत असतो. तेव्हा गप्पा पायऱ्यांवरच होतील हे धरून चालावं. पहिलं बोलणं मान्यवरांना देऊ नये, मागच्या रांगेला द्यावं. एखादी बाई स्वतःच्या घरचं सांगू लागली तर तिथे चारचौघांत सल्ला देऊ नये. तिला बाजूला घेऊन ऐकावं, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक जवळ ठेवावा. आणि निर्मात्यांनो, स्वयंसेवक म्हणजे फुकटचा माणूस नव्हे. जाण्यायेण्याचे पैसे, प्रयोगाचा पास आणि श्रेयनामावलीत नाव, एवढं त्याला मिळायलाच हवं.

यानं तिकीटविक्री वाढेल असं आश्वासन आम्ही देत नाही. फरक पडला की नाही, ते पायऱ्यांवर कान देऊन ओळखायचं. 'एवढ्याशा कर्जापायी?' याऐवजी एखादा नवरा स्कूटरची किल्ली शोधता शोधता बायकोला विचारील, 'पण मग तिची स्वतःची सही का चालत नव्हती?'